पदरावरचे लेणे

गेल्या उन्हाळ्यात एका शहरी संस्थेने भरविलेल्या वस्त्रप्रदर्शनाचे अध्यक्षस्थान पत्करण्याचा प्रसंग मजवर आला. मी जन्मभर इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो. वस्त्रांशी माझा संबंध ती अंगावर घालण्यापुरता. परंतु प्रदर्शनाचा विषय जुन्नरची लेणी हा होता, आणि माझे घर आंबेगाव तालुक्यातले व शाळा जुन्नरची, एवढ्या पात्रतेवर संयोजकांनी मला नेऊन खुर्चीवर बसविले.

तेथे पाहिले ते असे. एका रेशमी साडीच्या पदरावर मानमोडीच्या चैत्याची कमान छापलेली; दुसरीच्या काठावर लेण्यांतल्या वेदिकापट्टीची नक्षी; एका झग्याच्या खांद्यांवर पुठ्ठा व तार घालून शिवनेरीच्या बुरुजासारखे काहीसे उभे केलेले, की ज्यामुळे तो घातलेल्या मुलीस दारातून तिरपे होऊन यावे लागत होते. प्रत्येक वस्त्रापुढे ‘वास्तुप्रेरित’ अशी चिठ्ठी. रचना करणाऱ्यांपैकी तिघी वास्तुविद्येच्या पदवीधर होत्या, आणि पाच वर्षे इमारतींचा अभ्यास केल्यामुळेच हे त्यांच्या हातून होऊ शकले, असे संयोजकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यानंतर एका विद्वान वक्त्यांनी ‘वास्तु’ आणि ‘वस्त्र’ हे दोन्ही शब्द एकाच ‘वस्’ धातूपासून निघाले असल्यामुळे घर बांधणारा आणि कपडा शिवणारा हे मुळात एकच होत, असा सिद्धान्त मांडला. टाळ्या पडल्या.

आता धातुपाठात ‘वस्’ दोन आहेत. एक भ्वादि गणातला, त्याचा अर्थ राहणे. दुसरा अदादि गणातला, त्याचा अर्थ आच्छादणे. वास्तु पहिल्याची, वस्त्र दुसऱ्याचे. उच्चाराच्या साम्यावरच जायचे तर आपल्या मराठीत याहून सरस कोटी तयार आहे: डोंगरात कोरतात तेही लेणे आणि अंगावर घालतात तेही लेणे. पण पहिले संस्कृत ‘लयन’ या शब्दावरून आले आणि दुसरे ‘लेणे’ या क्रियापदावरून. दोघांची गाठ पडली ती केवळ वाटेत. कोटीवर भाषण उभे राहते. सदरा उभा राहत नाही.

अध्यक्ष या नात्याने त्या दिवशी मी गोड बोललो, सर्वांचे कौतुक केले आणि नारळ घेऊन परत आलो. ते माझे चुकले. तेव्हा जे बोलावयास हवे होते ते आता लिहितो.

माझा पक्ष असा. वास्तुविद्या शिकलेल्या माणसाने वस्त्ररचनेकडे वळावे हे मला पूर्ण मान्य आहे; अलीकडे तर ते मला अगत्याचे वाटू लागले आहे. परंतु त्याने तेथे इमारतीचे चित्र नेऊ नये. वजन कोठून येते आणि कोठे उतरते, सांधा कोठे घ्यावा, वारा कोठून शिरावा, पाणी कोणत्या बाजूस निथळावे, आणि आत राहणारा माणूस उठताबसताना काय करतो, हे प्रश्न विचारण्याची जी सवय त्या पाच वर्षांत लागते ती न्यावी. हे प्रश्न वस्त्रास जसेच्या तसे लागू पडतात. ज्या वस्त्रास ते कोणी विचारलेच नाहीत, त्याच्यावर अख्खी अजिंठ्याची रांग छापली तरी वास्तुविद्येचा वारा त्याला लागलेला नसतो.

पदरावरची ती कमान मी घरी येऊन पुन्हा आठवून पाहिली, आणि मला हसू आले. ती मानमोडीच्या भूतलिंग गटातील चैत्याची. अर्धकमळाच्या पाकळ्यांत गजलक्ष्मी कोरलेली ही दर्शनी बाजू खरोखरच देखणी आहे, आणि ती चंद नावाच्या कोणा यवनाने दान केल्याचा लेख तेथेच आहे. दान दर्शनी भागापुरतेच. मागचे दालन मात्र अपुरे राहिलेले आहे. दर्शनी बाजूच्या थाटाला शोभेल असे आत काही झालेच नाही. जुन्नरच्या भोवती लेण्यांची संख्या दीडशेच्या वर जाते, आणि इतक्या लेण्यांतून आमच्या रचनाकारांनी पदरासाठी निवडले ते नेमके हेच!

यापेक्षा त्या लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गेल्या असत्या तर बरे होते. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गिरिजात्मजाच्या दर्शनास दरवर्षी लाखो भाविक जातात; त्यांतले मान वर करून छत पाहणारे थोडे. गणपती ज्या दालनात बसला आहे तो मूळचा बौद्ध भिक्षूंचा विहार. तीन बाजूंस मिळून वीस खोल्या आणि मध्ये पन्नास फुटांहून अधिक लांबीचा मंडप, ज्यात एकही खांब नाही. लाकडाच्या बांधकामात एवढ्या अंतरावर मधल्या आधाराशिवाय तुळई टाकणे ही चेष्टा नव्हे. येथे डोंगर हाच छत आणि डोंगर हीच तुळई. कोरणाऱ्यास भार कोठे आहे व कोठे नाही हे कळत होते, म्हणून त्याने मधला खांब ठेवलाच नाही. जवळच्याच चैत्यगृहात उलट प्रकार दिसतो. तेथे कमानदार छताला दगडाच्याच फासळ्या कोरलेल्या आहेत आणि त्या काहीही तोलीत नाहीत. लाकडी मंडपात फासळ्या लागत असत. दगडात त्यांची गरज नाही. पण डोळ्यांना सवय होती म्हणून कोरल्या.

येथे माझा प्रतिपक्षी म्हणेल, ‘मग ही नक्कलच झाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने लाकडाचे चित्र दगडावर काढले ते तुम्हांस चालते, आणि आमच्या मुलींनी दगडाचे चित्र रेशमावर काढले की तुम्ही रागावता.’ आक्षेप बिनतोड नाही, पण वजनदार आहे. माझे उत्तर इतकेच की, त्या कारागिराच्या हाताला लाकूड माहीत होते. फासळी कशी वाकते, किती अंतरावर यावी, कोठे टेकावी, हे त्याला ठाऊक असल्यामुळेच ती दगडातही खरी वाटते. पदरावर कमान छापणाऱ्या हातास ना दगड माहीत, ना रेशीम. तरीसुद्धा मनातले सांगायचे तर मला फासळ्यांपेक्षा तो बिनखांबी मंडपच अधिक थोर वाटतो. फासळ्या आठवणीने कोरल्या, मंडप समजून कोरला. आपल्या कोटाच्या बाहीवर मनगटापाशी जी बटणे असतात, जी बहुधा उघडत नाहीत व मिटत नाहीत, ती या फासळ्यांचीच भावंडे. ती असण्यास माझी हरकत नाही. मात्र तेवढ्यालाच कोणी शिवणकला म्हणू नये.

जुन्नरजवळ तुळजा लेण्यांत एक वाटोळे चैत्यगृह आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती बारा खांबांचे कडे, कड्याबाहेर फिरण्याची वाट. प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाचे चालणे प्रथम, आणि त्या चालण्याभोवती खांब व छत. वस्त्राचे याहून निराळे काय असते? माणूस चालतो, वाकतो, हात वर करतो, मांडी घालून बसतो. त्या हालचालीभोवती कापड उभे करावयाचे. ज्यास हे चैत्यगृह समजले त्यास बाही कशी बसवावी हे निम्मे समजले.

वास्तुविद्येची एक चीज मला फारच मोलाची वाटते, आणि तिची वस्त्ररचनेच्या धंद्यात मोठीच उणीव आहे: ती म्हणजे छेद. इमारतीचा नकाशा काढताना दर्शनी बाजू काढतात तसाच ती उभी कापून आतले दाखविणारा छेदही काढतात. जोत्याची उंची, भिंतीची जाडी, छपराचा उतार, वळचण किती पुढे आली, हे सारे त्यात दिसते. वस्त्राच्या त्या प्रदर्शनात भिंतीवर चित्रे पुष्कळ होती, पण सगळी समोरून. अंग आणि कापड यांच्यामध्ये मोकळी जागा किती, ती खांद्यावर कोठे संपते, काखेत कशी चेपते, घाम कोठून वाळतो, हे दाखविणारा एकही छेद मला आढळला नाही. वास्तुविद्येच्या तीन पदवीधर तेथे होत्या, आणि एकीलाही तो काढावासा वाटला नाही! पाच वर्षांचे शिक्षण प्रदर्शनाच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवले होते की काय न कळे.

पाश्चात्य देशांत या दोन विद्यांची सोयरीक आता जुनी झाली. पॅरिसचा पिएर बाल्मँ वास्तुविद्येचा अभ्यास अर्धवट टाकून कापडाकडे आला. स्पेनात जन्मलेला पाको राबान याची आई बालेन्सियागाच्या शिवणघरात मुख्य शिवणकाम करणारी. त्याने स्वतः पॅरिसमध्ये वास्तुविद्या शिकून १९६६ साली आधुनिक वस्तूंचे बारा पोशाख लोकांपुढे मांडले. सुई आणि दोरा यांऐवजी चकत्या कड्यांनी सांधण्याची त्याची रीत. हे पोशाख वापरण्याजोगे नाहीत असे त्याने आपणच त्यांच्या नावात सांगून टाकले होते. हा प्रामाणिकपणा आमच्या बुरुजवाल्यांनी घेण्यासारखा आहे. शिवाय राबानने इमारतीचे चित्र कोठे काढले नाही. त्याने सांध्याचा विचार केला, आणि सांधा हा वास्तुविद्येचा जीव आहे.

परंतु मला अधिक सांगावयाचे आहे ते इटलीच्या जानफ्रांको फेरे याच्याविषयी. १९६९ साली मिलानच्या तंत्रविद्यालयातून त्याने वास्तुविद्येची पदवी घेतली. पुढे कपड्यांच्या व्यवसायानिमित्त तो भारतात येऊन राहिला. १९८९ ते १९९६ या काळात पॅरिसच्या दिओर घराण्याची वस्त्ररचना त्याच्या हाती होती. २००७ साली तो वारला. त्याची कीर्ती कशावर आहे? साध्या पांढऱ्या सदऱ्यावर. गळपट्टी, मनगटपट्टी, खांद्याची शिवण, बाहीचा घेर, या चारपाच अंगांना तो पुन्हापुन्हा सोडवून पुन्हापुन्हा जुळवीत राहिला. मिलानच्या प्रचंड देवळाचे चित्र त्याने छातीवर छापले असते तर त्याला विचारले कोणी असते? सदऱ्याची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; मला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

गॉटफ्रीड सेंपर या जर्मन वास्तुविशारदाने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, भिंतीचे मूळ दगडविटांत शोधू नये, विणकामात शोधावे. माणसाने आधी चटया विणून आडोसा केला आणि मग त्या आडोशाला दगडाचे बळ दिले. जर्मन भाषेत भिंतीचे व वस्त्राचे नाव सोयरे आहे यावरही त्याने बोट ठेवले. पण आमच्या वक्त्यांप्रमाणे तो कोटीपाशी थांबला नाही, त्याने विणकामाचा अभ्यास केला. मला नेहमी वाटते की हा गृहस्थ आंबेगावच्या पश्चिम भागात यावयास हवा होता. (ज्या गावाचे नाव तालुक्याने धारण केले आहे ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे; कचेरी घोडेगावला. असो.) भीमाशंकराच्या रानाकडे, आहुप्याच्या बाजूला, कारवीच्या काठ्या आडव्याउभ्या गुंफून कुडाची भिंत करतात आणि तिला शेणामातीने लिंपतात. भिंत विणणे म्हणजे काय, हे तेथे ग्रंथ न उघडता दिसते. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत बांबूकाम करणाऱ्या वंसकारांच्या श्रेणीचा उल्लेख आहे, तेव्हा ही विद्या या प्रदेशात कालची नव्हे.

आणि त्याच भागात इरले आहे. शहरातील वाचकांपैकी पुष्कळांनी ते पाहिले नसेल, म्हणून सांगतो. कळकाच्या बारीक कांबींची उलट्या होडीसारखी चौकट गुंफतात आणि तिच्यावर रुंद पाने दाट बसवितात. भाताची लावणी करणारा माणूस ते डोक्यावर टेकवून पाठीवर घेतो. मुसळधार पावसात दिवसभर कमरेत वाकून काम करावयाचे, दोन्ही हात मोकळे हवेत, आणि पाणी मानेत शिरता कामा नये. इरल्याचा छेद मनात काढून पाहा: डोक्यावर आढे, पाठीवर पाखे, कमरेच्या मागे वळचण, आणि पाठ व छप्पर यांच्यामध्ये चार बोटे हवा. उभ्या माणसाला ते बेढब दिसते. वाकलेल्या माणसाला ते तंतोतंत बसते, कारण त्याचा उतार वाकलेल्या पाठीवरूनच घेतला आहे. हे घर म्हणावे की वस्त्र? मी इतकी वर्षे ते पाहत आलो, पण हा प्रश्न मला सुचला नाही. तो एका मुलीने मला विचारला. तिच्याविषयी पुढे येईल.

आता बहुतेक ठिकाणी इरल्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. मी त्यावर अश्रू ढाळणार नाही. इरले अवजड, वाऱ्यात धरवत नाही, दरवर्षी पाने नवी लागतात. कागद स्वस्त आहे आणि घडी होतो. पण तो अंगाला चिकटतो, आत घामाने माणूस तितकाच भिजतो आणि वाऱ्याने समोरून उघडा पडतो. इरल्याचे शहाणपण आणि कागदाचा हलकेपणा एकत्र आणणारी वस्तू आजपर्यंत आमच्या शेतांत आलेली नाही. ती आणणे हे कोणाचे काम? ज्याला छप्पर समजते आणि कापडही समजते त्याचे.

नऊवारी लुगड्याविषयीही थोडे. नऊ वार न कापलेले कापड, शिवण एकही नाही, गाठ कमरेची एक. बाकी सारे ताणावर आणि घड्यांवर तोललेले. निऱ्या पुढे वजन धरतात, कासोटा मागे ताण घेतो, ओच्यात पैसे व तंबाखूची पिशवी राहते, चिखलात उतरताना सगळे गुडघ्यापर्यंत वर खोचता येते. ‘आमची नऊवारी परिपूर्ण आहे, तिला हात लावू नका,’ असे म्हणणारा एक पंथ आहे. त्या पंथातले बहुतेक जण पुरुष असतात आणि त्यांच्या घरातल्या स्त्रिया नऊवारी नेसत नाहीत. नऊवारीपासून शिकावे, तिची पूजा बांधून कोणाचे ऊन टळत नाही.

ऊन म्हटले म्हणजे नारायणगाव आठवते. जुन्नर तालुक्यातला हा टोमॅटोचा मोठा बाजार. तारकाठीवर चढविलेल्या टोमॅटोच्या वावरात तोडणी करणारी स्त्री काय घालते, हे पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे आणि कोणीच पाहिलेले नाही. साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा. डोक्याला व तोंडाला फडके. सदरा यासाठी की दंड भाजू नयेत, औषध मारलेल्या पानांनी अंग खाजू नये, टोमॅटोच्या पाल्याचा हिरवा-काळा डाग साडीला लागू नये. कांद्याच्या, द्राक्षाच्या शेतांतही हेच. हा वेश कोणी ठरविला नाही, कोणी शिकविला नाही, तरी जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला. आणि तो तिच्या अंगाचा नाही. खांद्याची शिवण दंडावर उतरते, म्हणून हात वर केला की सगळा सदरा वर ओढला जातो. खिसा छातीवर, म्हणून वाकले की त्यातले खाली पडते. कापडात कृत्रिम धागा, म्हणून आत आंघोळ होते. फेरेने ज्या सदऱ्यात आयुष्य घातले तोच हा सदरा, तीच चारपाच अंगे. पॅरिसमध्ये त्यावर प्रतिभावंत झुरतात. नारायणगावात त्यावर अजून कोणी पेन्सिलही टेकविली नाही.

याहून कठोर उदाहरण २०२५ च्या अखेरीचे. जुन्नर वनविभागात मोडणाऱ्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यानंतर तेथील लोक शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागले. बिबट्या मान धरतो, म्हणून मानेभोवती तट. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात निर्माण झालेल्या वेशांपैकी खऱ्या अर्थाने वास्तुविद्येचा असा हाच एक म्हणावा लागेल, आणि त्याच्यापुढे कोणी चिठ्ठी लावलेली नाही.

आता थोडे आपल्या घरांविषयी. या मासिकाचे वाचक बहुधा माझ्यासारखेच: मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतलेले. मुलगी वास्तुविद्येला गेली की आपण पेढे वाटतो. तीच पदवीनंतर म्हणाली की मला कपडे बेतायचे आहेत, तर आपल्या तोंडची चव जाते. माझ्या पुतणीने दोन वर्षांपूर्वी हे घरात सांगितले तेव्हा तिच्या वडिलांनी जेवण टाकले आणि तिला समजावून सांगण्याची कामगिरी मजकडे आली. मी तिला म्हणालो, “अगं, एवढी पाच वर्षे नकाशे काढलेस ते शेवटी शिवणयंत्रावर बसण्यासाठी?” हे वाक्य मी उच्चारले, आणि ते लिहिताना आज मला लाज वाटते. ती एवढेच म्हणाली, “काका, इरलं हे घर की वस्त्र, ते तुम्ही सांगा. मग मी काय शिकले ते मी सांगते.” मला उत्तर देता आले नाही.

कापड म्हणजे हलकी बाब, घर म्हणजे भारदस्त, ही कल्पना आपण कोठून उचलली कोण जाणे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा बेचाळिसाव्या वर्षाचा लेख आहे. त्याने लेणे दिले आणि त्याबरोबर तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी. पैकी दोन हजार एका विणकर-श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या विणकर-श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. ते लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापणांप्रमाणे चीवरासाठी. हिशेब पैनपै जुळतो. लेणे आणि चीवर, राहण्याचे आच्छादन व अंगावरचे आच्छादन, एकाच लेखात आणि एकाच दात्याच्या मनात. त्याच नहपानाचा अमात्य अयम याचा शेहेचाळिसाव्या वर्षाचा दानलेख आमच्या मानमोडीवर आहे, म्हणजे ही मंडळी जुन्नरला परकी नव्हती. इतके मागे जावयाचे नसेल तर महाळुंगे पडवळला जा. आंबेगाव तालुक्यातल्या या गावचा बाबू गेनू, मुंबईचा गिरणीकामगार, १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाने भरलेल्या मालमोटारीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली मेला. डिंभ्याच्या जलाशयास त्याचे नाव दिलेले आहे. ज्या तालुक्यात कापडापायी माणसाने जीव दिला, तेथल्या घरांनी तरी कापडाला हलके म्हणू नये.

पुतणीची हकीकत पुरी करतो. तिने लेण्यांची चित्रे काढली नाहीत. नारायणगावजवळच्या एका वावरात ती पंधरा दिवस तोडणीला गेली, आणि स्त्रियांचे हात किती वेळा वर जातात व किती वेळा कंबर वाकते ते मांडून ठेवले. मग तिने एक सदरा बेतला. काखेत चौकोनी तुकडा बसविलेला, म्हणजे हात वर केला तरी घेर वर चढू नये. पाठीवर खांद्याखाली कापडाचा एक थर मोकळा सोडलेला, वळचणीसारखा, वारा शिरण्यासाठी. कापड सुती व फिके. तो मला फार आवडला. वावरातल्या स्त्रियांनी तो दोन दिवसांत परत केला. पाठीवरची वळचण तारेत अडकत होती. फिक्या रंगावर डाग दिसत होते. “आन् ताई, दवाखान्यातल्यासारखं दिसतंय,” असेही एकीने सांगितले. शिवाय मालकांचा जुना सदरा फुकट असतो, आणि फुकटाशी कोणत्याही रचनेला झुंजता येत नाही, हे तिला तेव्हा कळले. वास्तुविद्येच्या शाळेत हा धडा नाही.

त्यावर ती हसली नाही आणि रडलीही नाही. जुनेच सदरे घेऊन तेच सुधारावे असे तिने ठरविले. खांद्याची शिवण उसवून वर घेतली, निघालेल्या कापडातून काखेचा तुकडा काढला, बाकीचे तसेच ठेवले. एका सदऱ्याला शिंप्याच्या हाताने अर्धा तास लागतो. हे तिसऱ्या खेपेस झाले. यंदाच्या तोडणीत गावातल्या नऊ जणींनी आपापल्या घरचे सदरे आणून दिले.

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर त्या वावरात गेलो होतो. सदरा नेलेल्यांपैकी एका वयस्क बाईने त्याला आतल्या बाजूने, डाव्या बरगडीशी, जुन्या परकराच्या कापडाचा खिसा स्वतःच्या हाताने टाचला होता. मोबाईल त्यात आडवा बसत होता आणि वाकले तरी पडत नव्हता. पुतणीने पिशवीतून फूटपट्टी काढली, खिशाची लांबीरुंदी मोजली, तोंड किती तिरपे आहे ते पाहिले, आणि बांधावर बसून वहीत त्याचा छेद काढला. बाई तोवर पुढच्या सरीला लागली होती.